संस्था उभारणारा आचार्य : डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर
(व्याख्यानाचा मजकूर)



देवालय उभारणाऱ्या कारागिराचे नाव सहसा शिलालेखावर नसते. दात्याचे असते, राजाचे असते, कधी जीर्णोद्धार करणाऱ्याचेही असते. स्वातंत्र्योत्तर भारतात उभ्या राहिलेल्या विद्यामंदिरांचीही तीच कथा आहे. पवई व कानपूर ही नावे आज घरोघरी ठाऊक आहेत. तेथे प्रवेश मिळावा म्हणून मुले दोन-दोन वर्षे रात्रीचा दिवस करतात. परंतु यांतील एका संस्थेचा आराखडा ज्यांनी आखला आणि दुसरी अक्षरशः शून्यातून उभी केली, त्या डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर यांचे नाव मराठी समाजातही फारसे उच्चारले जात नाही. म्हणून त्यांच्या कार्याचे हे स्मरण.

केळकरांचा जन्म १९०९ साली धारवाड येथे झाला. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषांचा वावर असलेला तो मुलूख. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विज्ञानाची पदवी घेऊन ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत अभियांत्रिकी शिकण्यास गेले आणि तेथून पुढे इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठात. १९३७ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. आधी शुद्ध विज्ञान आणि मग अभियांत्रिकी हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढे त्यांनी जे काही केले त्याचे बीज या क्रमातच दिसते. परतल्यावर ते बंगळूरच्या त्याच संस्थेत अध्यापक झाले. तेथे त्या वेळी चंद्रशेखर वेंकट रामन हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. १९३९ पासून ज्ञानचंद्र घोष हे संचालक होते. हेच घोष पुढे खरगपूरच्या पहिल्या तंत्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. अशा वातावरणात सहा वर्षे काढून १९४३ साली केळकर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक म्हणून आले. आज जिला वीरमाता जिजाबाई तंत्रविज्ञान संस्था म्हणतात तीच ही माटुंग्याची संस्था. तेथे त्यांनी सुमारे तेरा वर्षे अध्यापन केले.

या तेरा वर्षांत त्यांनी जे पाहिले ते समजून घेतल्यावाचून पुढील कार्याचा उलगडा होत नाही. इंग्रजी अमदानीत रुडकी येथे १८४७ साली आणि पुण्यास १८५४ साली अभियांत्रिकी शिक्षणाचा पाया घातला गेला तो सरकारी बांधकाम खात्याला माणसे हवी होती म्हणून. रस्ते, कालवे, पूल यांची देखरेख करणारा विश्वासू अधिकारी हा त्या शिक्षणाचा आदर्श होता. तक्ते पाठ असावेत, नियम माहीत असावेत, वरिष्ठाने दिलेला नकाशा बिनचूक उतरवता यावा, इतकी अपेक्षा. विद्युत शाखेतही हीच रीत चालत आली. जनित्र निराळे, चालित्र निराळे, रोहित्र निराळे; प्रत्येकाचे वर्णन पाठ करावयाचे आणि वर्षाअखेर बाहेरच्या परीक्षकाने काढलेल्या प्रश्नपत्रिकेला सामोरे जावयाचे. ही रीत अगदीच टाकाऊ होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्यातूनच उत्तम पूल बांधणारी माणसे निघाली. पण १९४७ साली अमेरिकेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि थोड्याच वर्षांत निर्वात नळ्यांची विद्या मागे पडू लागली. ज्याने नळीचे वर्णन पाठ केले होते तो उघडा पडला. इलेक्ट्रॉन कसा वागतो हे ज्याने मुळातून जाणले होते तो नव्या युगातही उभा राहिला. यंत्र बदलते, त्यामागील पदार्थविज्ञान व गणित बदलत नाही. हे साधे वाटणारे सूत्र अभ्यासक्रमात उतरवणे मात्र जुन्या चौकटीत अशक्यप्राय होते.

नव्या चौकटीची संधी चालून आली ती नलिनीरंजन सरकार यांच्या समितीमुळे. देशाच्या चार दिशांना चार उच्च तंत्रशिक्षण संस्था असाव्यात अशी शिफारस या समितीने १९४६ च्या सुमारास केली. पूर्वेची संस्था खरगपूरला, हिजली येथील बंदिवासाच्या इमारतीत सुरू झाली. पश्चिमेची मुंबईस व्हावयाची होती. १९५६ साली तिचे नियोजन अधिकारी म्हणून केळकर यांची नेमणूक झाली. युनेस्कोमार्फत सोव्हिएत रशियाची यंत्रसामग्री व तज्ज्ञ मिळणार होते. पवई तलावाकाठी जागा ठरली. १९५८ साली वरळीच्या तात्पुरत्या जागेत पहिले शंभर विद्यार्थी शिकू लागले आणि १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पवईस कोनशिला बसली. संस्थेचे पहिले संचालक मात्र ब्रिगेडियर एस. के. बोस झाले. आराखडा एकाचा व आसन दुसऱ्याचे, हे संस्थाजीवनात नवे नाही. अशा प्रसंगी पुष्कळ माणसे कडवट होतात, कोपऱ्यात बसून उणीदुणी काढतात. केळकरांच्या वाट्याला त्याच वर्षाच्या अखेरीस याहून अवघड काम आले.

डिसेंबर १९५९ मध्ये ते कानपूरच्या नियोजित संस्थेचे संचालक झाले. वय पन्नास. कानपूर म्हणजे कापडगिरण्यांचे, कातडी कमावण्याचे, धुराचे शहर. मराठी माणसाला त्या परिसराची ओळख असलीच तर ती जवळच्या ब्रह्मावर्तामुळे, म्हणजे बिठूरमुळे. दुसऱ्या बाजीरावाने आपले उर्वरित आयुष्य तेथे काढले आणि नानासाहेब तेथूनच १८५७ च्या रणात उतरले. संस्थेपाशी ना इमारत, ना प्राध्यापक, ना ग्रंथ. हारकोर्ट बटलर संस्थेच्या आवारातील उपाहारगृहाच्या इमारतीत कचेरी थाटली गेली आणि १९६० साली शंभर विद्यार्थ्यांचा पहिला वर्ग भरला. शहराबाहेर कल्याणपूरजवळ हजारएक एकर उघडी जमीन होती, तेथे संस्था हलली ती १९६३ साली.

कानपूरच्या वाट्याला अमेरिकेचे साहाय्य आले. १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षे नऊ अमेरिकी विद्यापीठे व संस्था या कामी एकत्र होत्या. मॅसॅच्युसेट्सची विख्यात तंत्रविज्ञान संस्था, कॅलिफोर्नियाची तिची बहीण, प्रिन्स्टन, बर्कली, पर्ड्यू, मिशिगन, ओहायो स्टेट, कार्नेगी आणि केस ही ती नावे. पहिल्या तुकडीचे प्रमुख होते प्राध्यापक नॉर्मन डाल. येथे केळकरांची खरी कसोटी होती. परकीय साहाय्य दोन रीतींनी घेता येते. पाहुण्याला कर्ता मानून त्याच्या हाती घर सोपवावे, अथवा यजमानपण आपल्याकडे ठेवून त्याच्याकडून शिकावे. पहिली रीत सोपी, आणि अनेक प्रकल्पांत तीच घडली. पाहुणे गेले, यंत्रे गंजली. कानपुरात तसे घडले नाही. अमेरिकी प्राध्यापक शिकवीत, सल्ला देत, प्रयोगशाळा लावून देत. विभाग चालवण्याची जबाबदारी मात्र भारतीय प्राध्यापकांवर असे.

हे प्राध्यापक आणावयाचे कोठून? तोवर सरकारी संस्थांत ज्येष्ठता हीच पात्रता. केळकरांनी तरुणांकडे मोर्चा वळवला. परदेशात शिकणाऱ्या, तेथे नोकरी करणाऱ्या भारतीय तरुणांना परत येण्याचे आवाहन झाले आणि पुष्कळ जण आले. रसायनशास्त्रात सी. एन. आर. राव १९६३ साली रुजू झाले तेव्हा त्यांची तिशीही उलटली नव्हती; पुढे त्यांना भारतरत्न मिळाले. धातुविज्ञानात ई. सी. सुब्बाराव आले. संगणकाच्या क्षेत्रात व्ही. राजारामन आले. अशा तरुणांना विभाग, प्रयोगशाळा आणि अभ्यासक्रम सोपवणे म्हणजे धाडस होते. चूक झाली तर दोष संचालकाचाच. पण विश्वास टाकल्याशिवाय माणूस जबाबदार होत नाही, ही गोष्ट कित्येक कर्तबगार प्रशासकांना जन्मभर उमगत नाही.

याच विश्वासावर तेथील शिक्षणपद्धती उभी राहिली. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात आरंभीचा मोठा भाग सर्व शाखांना समान ठेवला गेला : गणित, पदार्थविज्ञान, रसायन, अभियांत्रिकीची मूलतत्त्वे आणि त्यांच्या जोडीला साहित्य, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, मानसशास्त्र यांसारखे विषय. पूल बांधणाऱ्याला तत्त्वज्ञान कशाला, असा प्रश्न आजही विचारला जातो. विज्ञानाचे विभाग अभियांत्रिकीचे ताबेदार न मानता त्यांना बरोबरीचे स्थान मिळाले. वर्षाअखेरच्या एकाच परीक्षेऐवजी सत्रपद्धती आली, टक्क्यांऐवजी अक्षरांच्या श्रेणी आल्या. सर्वांत मोठा बदल असा की जो शिकवील तोच प्रश्नपत्रिका काढील आणि तोच तपासील. बाहेरचा परीक्षक नाही, नियामक नाही. परीक्षेतील गैरप्रकारांच्या वार्तांनी गांजलेल्या या देशात शिक्षकाच्या सचोटीवर सगळी पदवी तोलून धरावयाची, ही केवढी जोखीम! पद्धत टिकली, इतर संस्थांनीही तिचे अनुकरण केले. सर्वत्र ती तितकीच शुद्ध राहिली असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पद्धत उचलणे सोपे असते.

१९६३ सालीच कानपुरात आयबीएम १६२० हा संगणक बसला. त्या काळी देशात संगणक मोजकेच होते आणि जे होते ते काचेआडच्या मूर्तीसारखे. दर्शन दुरून घ्यावे, गाभाऱ्यात पुजाऱ्यानेच जावे. कानपूरने गाभाऱ्याचे दार उघडले. छिद्रित पत्रांचा गठ्ठा हाती घेऊन विद्यार्थी स्वतः यंत्रापाशी जाऊ लागले, फोर्ट्रान भाषेत आज्ञावली लिहू लागले. इतकेच नव्हे, इतर महाविद्यालयांतील शिक्षक व उद्योगांतील माणसे यांच्यासाठी थोड्या दिवसांचे वर्ग भरवले गेले. पुढील दशकांत संगणकाच्या क्षेत्रात भारताने जे नाव मिळवले त्याची एक मुळी या वर्गांपर्यंत पोहोचते.

इमारतींचा उल्लेख येथे केलाच पाहिजे, कारण त्यांचे वास्तुशिल्पी होते अच्युत कानविंदे, आचऱ्याच्या रामेश्वराच्या गावचे, कोकणचे सुपुत्र. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून निघून हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकलेल्या या कलावंताने काँक्रीटचा उघडा सांगाडा आणि विटांच्या भिंती यांतून साधे, दमदार रूप घडवले. विभाग उंच, सावलीच्या पुलांनी जोडले. उत्तरेच्या उन्हाळ्यात ती सावली केवळ शोभेची नव्हती. एका विभागाचा विद्यार्थी दुसऱ्या विभागात सहज जावा, हा अभ्यासक्रमातील विचारच तेथे चुन्या-विटांत उतरला.

केळकरांच्या कार्यावर आक्षेप आले नाहीत असे नाही. सर्वांत बोचरा आक्षेप हा की देशाच्या पैशाने शिकलेली उत्तम मुले अमेरिकेला गेली. आक्षेप खरा आहे, आणि तो झटकून टाकता येत नाही. शेतकऱ्याच्या करातून चाललेल्या संस्थेचा पदवीधर परक्या देशाचे कारखाने चालवतो तेव्हा हिशेब चुकतो. दुसरी बाजूही आहे : त्या काळच्या भारतात अशा पदवीधराला त्याच्या विद्येजोगे काम कितपत होते? शिक्षण पुढे धावले, उद्योग परवान्यांच्या जाळ्यात मागे राहिला. ही तफावत एकट्या संचालकाला भरून काढता येण्याजोगी नव्हती. जे गेले त्यांतील काही पुढे परतले, काहींनी आपल्या संस्थेला मदतीचा हात दिला. तरीही तो हिशेब पुरता मिटलेला नाही.

१९६९ साली केळकरांना पद्मभूषण मिळाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी कानपूर सोडले. संस्था नावारूपाला आली असता, दहा वर्षांनी, ती दुसऱ्याच्या हाती देऊन ते पवईस संचालक म्हणून आले. ज्या संस्थेचा आराखडा चौदा वर्षांपूर्वी हाती घेतला होता तिच्या आसनावर ते १९७० ते १९७४ बसले. पवई कानपूरहून निराळी होती. तिची घडण रशियन साहाय्याने झालेली, माणसे रुळलेली, रीती ठरलेल्या. कोऱ्या जमिनीवर बांधणे आणि वसलेल्या घरात फेरफार करणे यांत दुसरे काम अधिक संयमाचे असते.

इकडे १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धाने भारत-अमेरिका संबंध विकोपाला गेले. पुढच्या वर्षी कानपूरचा अमेरिकी कार्यक्रम संपला आणि पाहुणे आपापल्या देशी परतले. केळकरही तोवर तेथे नव्हते. संस्थापक नाही, साहाय्यकर्ते नाहीत, अशा स्थितीत कानपूरचे वर्ग ठरल्या वेळी भरले, प्रयोगशाळा चालू राहिल्या, प्रश्नपत्रिका ज्यांनी शिकवले त्यांनीच काढल्या.

केळकरांचे निधन १९९० साली झाले. कानपूरच्या संस्थेने आपल्या ग्रंथालयाला त्यांचे नाव दिले. कानविंद्यांनी रचलेल्या त्या इमारतीत उशिरापर्यंत दिवे जळत असतात.