शिक्षा भोगून झाल्यावर



अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांच्या प्रवेश-अर्जात विचारलं जातं : तुम्हाला कधी गुन्ह्याबद्दल दोषी ठरवलं गेलं आहे का? समोर ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन. शेकडो कॉलेजांसाठी एकच अर्ज असलेल्या ‘कॉमन अ‍ॅप्लिकेशन’मध्ये हा प्रश्न २००६ साली आला. आपल्याकडून तिकडे शिकायला जाणारी कित्येक मुलं हाच अर्ज भरतात.

या प्रश्नामागची भीती खरी आहे. २००४ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या विल्मिंग्टन इथल्या दोन विद्यार्थिनींचे, दोन वेगवेगळ्या घटनांत, तिथल्याच विद्यार्थ्यांनी खून केले. मुलीला परगावी शिकायला ठेवणाऱ्या आईबापांची धास्ती कुणी हसण्यावारी नेऊ नये. पण त्या दोघा मारेकऱ्यांनी अर्जात आपला पूर्वेतिहास लपवला होता, हेही विसरू नये. खोटं बोलणारा या प्रश्नातून सहज निसटतो. अडकतो तो खरं लिहिणारा.

अडकतो म्हणजे काय होतं? न्यूयॉर्कच्या सरकारी विद्यापीठाचा २०१५ मध्ये अभ्यास झाला. गंभीर गुन्ह्याबद्दल ‘हो’ म्हणणाऱ्यांपैकी ६२.५ टक्के लोकांनी अर्ज पुराच केला नाही. एरवी हे प्रमाण २१ टक्के होतं. ‘हो’ म्हटलं की कागदपत्रांचा ससेमिरा मागे लागे : गुन्ह्यांची अधिकृत नोंद आणा, तुरुंगाच्या किंवा पॅरोलच्या अधिकाऱ्याचं पत्र आणा, मग समितीपुढे बसा. या लोकांना नकार कुणी दिलाच नाही. माणसंच मुकाट्याने मागे फिरली. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना अटक आणि शिक्षा होण्याचं प्रमाण जास्त. त्यामुळे हा मार सर्वाधिक कुणाला बसतो, ते वेगळं सांगायला नको.

माझं म्हणणं एवढंच आहे : शिक्षा किती, हे न्यायालयाने ठरवलं. ती भोगून झाल्यावर तिच्यात भर घालण्याचा अधिकार प्रवेश-समितीला कुणी दिला? तिने गुण पाहावेत, निबंध वाचावा, शिकण्याची ओढ जोखावी.

मग सुरक्षेचं काय? न्यूयॉर्कच्या त्याच विद्यापीठाने २०१६ मध्ये वाट दाखवली. प्रवेशाच्या वेळचा प्रश्न काढून टाकायचा. वसतिगृहात जागा हवी असेल किंवा रुग्णालयात प्रत्यक्ष काम करायचं असेल, तेव्हा, प्रवेश मिळाल्यानंतर, विचारायचं. अशा वेळी प्रश्नाला नेमकं कारण असतं आणि माणसाला आपली बाजू मांडता येते. ‘कॉमन अ‍ॅप्लिकेशन’नेही २०१९ पासून सामाईक भागातला हा प्रश्न वगळला, स्वतंत्रपणे विचारण्याची मुभा मात्र कॉलेजांना ठेवली.

ती मुभा कॉलेजांनी आपणहून सोडावी. २०२३ पासून कैद्यांना पुन्हा सरकारी पेल अनुदान मिळू लागलं आहे. तुरुंगात शिकायला सरकारने पैसे द्यायचे आणि सुटून आल्यावर कॉलेजने दार लावून घ्यायचं, याला न्याय म्हणता येणार नाही. माणूस सुधारतो यावर विद्यापीठाचाच विश्वास नसेल, तर ते शिकवतं तरी कशासाठी?