घर बांधताना ऊन-पावसाचा विचार

(नालवाडी येथे मंडळाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषणाची सवय नाही. माझी सारी नोकरी बांधकामावर देखरेख करण्यात गेली. त्यामुळे मी बोलेन ते गवंड्याच्या भाषेत बोलेन, ते आपण गोड मानून घ्यावे. घर कसे असावे, हा विषय मंडळाने मला दिला. या विषयावर बोलण्याचा अधिकार मला आहे तो मी चांगली घरे बांधली म्हणून नव्हे, तर एक घर फार वाईट बांधले म्हणून. ते घर माझे स्वतःचे.

१९९६ साली मी प्लॉटवर घर बांधले. रस्ता पश्चिमेला, म्हणून घराचे तोंड पश्चिमेला. दर्शनी बाजूला बैठक आणि तिला लागून आईची खोली. विटा वाचाव्यात म्हणून त्या बाजूची भिंत साडेचार इंची घेतली. छज्जा नऊ इंचांचा, तोही शोभेपुरता. वर स्लॅब. घर देखणे झाले, पाहायला नातेवाईक आले. पहिल्याच मे महिन्यात आईने तिसऱ्या रात्री आपली बाज उचलून अंगणात नेली. पावसाळा लागल्यावर अंगणही गेले. मग ती स्वयंपाकघराच्या दारात चटई टाकून झोपू लागली. मला ती एकदाच म्हणाली, "अरे, याच्यापेक्षा आपलं कवेलूचं बरं होतं." दुसऱ्यांची बांधकामे तपासणाऱ्या माणसाला त्याच्या आईने दिलेला हा अभिप्राय आहे. मी तो विसरलेलो नाही.

आता, मी तुम्हाला परत मातीच्या घरात जा, असे सांगायला आलेलो नाही. ज्यांनी ती घरे सोडली त्यांनी विचार करूनच सोडली. वानरांनी कवेलू फोडायचे, दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ते फेरायचे, लाकडाला वाळवी लागायची, झडीत भिंत बसायची. आणि गावाच्या एका टोकाला टाकलेल्या वस्तीतले मातीचे घर ही नुसती गैरसोय नव्हती, ती ओळख होती. आपल्या माणसाला स्लॅबचे घर हवे असते ते प्रतिष्ठेसाठीही हवे असते, आणि ते योग्यच आहे. शहरातले काही सुशिक्षित लोक स्वतः फ्लॅटमध्ये राहून आपल्याला मातीच्या घरांचे महत्त्व सांगतात, त्यांचे मला हसू येते. माझे म्हणणे एवढेच की, कवेलूचे घर सोडताना त्यातली अक्कलही आपण त्याच्याबरोबर टाकून दिली. ती स्लॅबच्या घरात आणता येते आणि तिला फारसा पैसा लागत नाही. मात्र ती फक्की टाकण्यापूर्वी आणावी लागते.

आपल्या हवामानाची अडचण अशी की, येथे एका वर्षात दोन देश नांदतात. एप्रिल-मे महिन्यांत वर्धेचा पारा ४५-४६ अंशांवर जाणे नवलाचे नाही आणि त्या वेळी हवा कोरडी असते. जूनच्या मध्यानंतर तीच हवा दमट होते आणि वर्षाच्या सुमारे १००० मिलिमीटर पावसातला बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडून जातो. कोरड्या उन्हात जाड भिंत आणि बंद खिडकी हवी, दमट दिवसांत वारा हवा. कोकणात पाऊस फार म्हणून तेथे उतरती छपरे, मराठवाड्यात पाऊस कमी म्हणून जाड मातीचे माळवद. आपल्याकडे दोन्ही सांभाळायचे, म्हणून वऱ्हाड-वर्ध्याकडच्या जुन्या माणसांनी जाड मातीची भिंत, वर उतरते कवेलू आणि पुढे सपरी असा मेळ घातला. दुपारी आत, संध्याकाळी सपरीत, रात्री अंगणात असे माणूस त्या घरात जागा बदलत असे. आजच्या २६९ चौरस फुटांच्या घरकुलात जागा बदलायला जागाच नाही, म्हणून त्या प्रत्येक फुटाचा विचार जास्त करावा लागतो.

प्रथम ऊन. विद्यार्थ्यांनी एक प्रयोग करावा. अंगणात सरळ काठी रोवावी आणि तिची सावली वर्षभर दुपारी बारा-सव्वाबाराच्या सुमारास पाहावी. वर्धा सुमारे पावणेएकवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. याचा अर्थ असा की, भर उन्हाळ्यात दुपारी घराच्या दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. सगळे पडते ते छपरावर. सकाळी पूर्वेची भिंत तापते, दुपारनंतर पश्चिमेची. डिसेंबरात मात्र सूर्य दक्षिणेला कलतो, दुपारीही जेमतेम ४६ अंशांवर असतो, आणि दक्षिणेच्या खिडकीतून कोवळे ऊन घरात येते. म्हणजे दक्षिण आपली मैत्रीण आहे. शत्रू आहेत छप्पर आणि पश्चिम. हल्ली वास्तुशास्त्राच्या नावाखाली लोक दारे फोडून दुसरीकडे बसवतात, त्यावर हजारो रुपये घालवतात. दिशा जरूर पाहावी, पण ती पुस्तकात न पाहता काठीच्या सावलीत पाहावी.

तेव्हा घर लांबट असेल तर त्याच्या लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवाव्या आणि आखूड बाजू पूर्व-पश्चिम. प्लॉट अडचणीचा असेल तर निदान पश्चिमेला न्हाणी, संडास, जिना, सामानाची खोली असे काहीतरी घालावे, म्हणजे ती भिंत तापली तरी तिच्यापाशी कोणी झोपत नाही. पश्चिमेच्या उन्हाला छज्जा पुरत नाही, कारण चार-पाच वाजता ऊन आडवे येते. तेथे झाड लागते, वेल लागतो, नाहीतर पऱ्हाट्यांचा ताटवा. भिंतीच्या जाडीचेही असे आहे की, उष्णतेला भिंत ओलांडायला वेळ लागतो. नऊ इंची विटेच्या भिंतीतून ती आत यायला सहा-सात तास जातात, साडेचार इंचीतून त्याच्या निम्म्याहून कमी. माझ्या आईच्या खोलीत दुपारी चारचे ऊन सात वाजता आत पोचत असे, आणि ती नऊला झोपायला जायची. एक थर विटा वाचवून मी काय कमावले, याचा हिशोब तुम्हीच करा.

येथून आठ-दहा किलोमीटरवर सेवाग्राम आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, गांधीजी तेथे राहायला आले. तेव्हा गावाचे नाव शेगाव होते, १९४० साली ते सेवाग्राम झाले. आज जिला आपण बापूकुटी म्हणतो, ती मुळात मीराबहेन यांची कुटी. त्यांच्याच कल्पनेने ती उभी राहिली. माती, बांबू, लाकूड, कवेलू, सगळे इकडचेच. गांधीजींशी आपले वैचारिक मतभेद आहेत, ते मी येथे झाकू इच्छित नाही. पण भिंतीला मतभेद नसतात. एकदा मे महिन्यात दुपारी दोन वाजता तेथे जा, दर्शनाला म्हणून नव्हे, घर पाहायला म्हणून जा. छपराची कड किती खाली आली आहे ते पाहा. त्यामुळे भिंतीला ऊनही लागत नाही आणि पावसाची झडही लागत नाही. एकाच छपराने दोन कामे केली आहेत. आपण स्लॅब टाकतो तो भिंतीबरोबर कापतो आणि मग भिंत उन्हात तापते, पावसात भिजते, आतून पोपडे सुटतात. स्लॅब भिंतीच्या बाहेर दोन फूट काढला, त्याच्या खालच्या कडेला पाणी टपकून पडावे म्हणून बोटभर खाच ठेवली, तर पुढची वीस वर्षे भिंत कोरडी राहते.

इथून जवळच दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे. देवेंद्रकुमार यांनी १९७६ साली ते सुरू केले. तेथे कुंभाराच्या चाकावर केलेल्या शंकूसारख्या पोकळ नळ्या एकीत एक बसवून कमानीचे छप्पर करतात. लोखंड फार वाचते आणि नळीत अडकलेली हवा ऊन आत येऊ देत नाही. हे छप्पर आपल्या वस्त्यांत फारसे का पसरले नाही? माझ्या मते कारण साधे आहे: वर दुसरा मजला चढवता येत नाही, आणि आपल्या प्रत्येकाच्या मनात मुलासाठी वरचा मजला असतो. पण मागच्या खोलीला, अभ्यासिकेला, मंडळाच्या वाचनालयाला काय हरकत आहे? विद्यार्थ्यांनी ते एकदा पाहून यावे.

आता ज्यांचा स्लॅब पडलेलाच आहे, त्यांच्यासाठी. चार इंची स्लॅबमधून उष्णता तीनेक तासांत खाली उतरते, आणि दिवसभर साठलेली उष्णता रात्री बारापर्यंत उतरतच राहते. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाच्या डोक्यावर ती शेगडी असते. सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा. मार्च संपण्यापूर्वी गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात मारावे. पावसाने तो धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो, पण खर्च थोडा आहे. याला कोणी खेडवळ उपाय समजू नये. अहमदाबाद महापालिकेने उष्णतेपासून बचावाचा आराखडा २०१३ साली केला, पुढे गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले, आणि तेलंगण राज्याने तर २०२३ साली थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. थोडा पैसा असेल तर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून वर फुटक्या पांढऱ्या फरशांचे तुकडे बसवावे. त्याने ऊनही अडते आणि गळतीही थांबते. बरेच लोक स्लॅबवर टिनाचा शेड टाकतात. सावली म्हणून ती कल्पना चांगली, पण टिन आणि स्लॅब यांमध्ये वारा खेळायला दीड-दोन फूट जागा हवी आणि टिन हुकाने घट्ट बांधलेले हवे. वर दगड ठेवून भागत नाही. मे-जूनच्या वादळात ते टिन शेजाऱ्याच्या अंगणात जाते. ज्यांच्या घरावर फक्त टिनच आहे त्यांनी खालून बांबूच्या तट्ट्याचे छत करावे. पावसात टिनाचा आवाजही त्याने कमी होतो, आणि अभ्यास करणाऱ्याला तो आवाज उन्हाइतकाच छळतो.

कूलरविषयी दोन शब्द, कारण आपल्याकडे कूलरशिवाय घर नाही. कूलर पश्चिमेच्या उन्हात ठेवू नये, आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवल्याशिवाय चालवू नये. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट नसेल तर खोली ओली होते, गार होत नाही. आणि जुलैत कूलर निरुपयोगी होतो, तेव्हा समोरासमोरच्या खिडक्याच कामाला येतात. ज्या घरात एका खोलीला एकच खिडकी आहे, तेथे पावसाळ्यात माणूस घामाने भिजतो आणि कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. मग बुरशी येते, लहान मुलांचा खोकला हटत नाही. दारावर, छताखाली झरोका ठेवायला मिस्त्री कंटाळतात. कंटाळू द्या, पण झरोका सोडू नका.

राहिली आपली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरची भिंत तिच्याबरोबर हलते. भिंतीला तिरप्या भेगा पडल्या की लोक सिमेंटला दोष देतात. दोष पायाचा असतो. माती थोडी असेल तर ती काढून मुरमापर्यंत जावे. खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी खाली फुगवटा असलेल्या खांबांची पद्धत काढली आहे, ती जाणकाराला विचारून करावी. घराभोवती तीन फूट रुंद फरसबंदी करून उतार बाहेर द्यावा, म्हणजे छपराचे पाणी पायात मुरत नाही. कडुनिंब लावावा, पण भिंतीला चिकटून नव्हे. आणि जोते दोन फुटांपेक्षा कमी ठेवू नये. रस्ता दर पाच-दहा वर्षांनी डांबर चढून उंच होतो आणि घर खाली जाते, हे आपण सगळेच पाहतो.

उंच जोत्याची गोष्ट नवी नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्खूंच्या निवासस्थानांचे एक प्रकरण आहे. विहारांचे जोते सखल होते, पाणी आत शिरत होते, तेव्हा ते उंच करण्याची अनुज्ञा दिल्याचे त्यात सांगितले आहे. भर ढासळू लागली तेव्हा तिला विटा, दगड किंवा लाकूड यांची बांधणी करण्यास सांगितले. विहार अंधारे आणि कुबट होते, डोळ्यांना वाईट होते, म्हणून कठड्याच्या, जाळीच्या आणि सळ्यांच्या अशा तीन प्रकारच्या खिडक्यांना परवानगी मिळाली. मला हे प्रथम वाचले तेव्हा आश्चर्य वाटले. कोणी येऊन अडचण सांगतो, ती ऐकली जाते आणि तिच्यावर बांधकामाचा उपाय दिला जातो. माझ्या साऱ्या नोकरीत अशी ऐकून घेणारी कचेरी मला फार थोड्या वेळा भेटली.

माझ्या घराचे पुढे काय झाले, हे कोणीतरी विचारणारच. पश्चिमेच्या भिंतीबाहेर मी चार फुटांची सपरी काढली, तिच्यावर वेल चढवला, गच्चीला चुना मारला, आईच्या खोलीला उत्तरेकडून दुसरी खिडकी फोडली. एवढे करायला मला सात वर्षे लागली, कारण घर बांधून पैसे संपले होते. ती खोली रात्री झोपण्याजोगी झाली, तेव्हा आईला तिच्यात दोनच उन्हाळे मिळाले.

रमाई आवास किंवा प्रधानमंत्री आवास योजनेत ज्यांचे घरकुल मंजूर झाले आहे आणि अजून आखणी व्हायची आहे, त्यांनी मंडळाच्या चिटणिसांकडे नाव द्यावे. दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा मी येथेच बसतो. येताना नमुना नकाशा आणि प्लॉटची मापे आणावी, आणि सायंकाळी पाच वाजता प्लॉटवर सावली कोठे पडते ते पाहून यावे. घरातल्या बाईला सोबत आणावे, कारण घरात दिवसभर तीच असते. कोणाला काही विचारायचे असल्यास आता विचारावे.

जयभीम.