परतीचा टप्पा



अमेरिकन अभ्यासक जोसेफ कॅम्पबेल यांनी 1949 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात देशोदेशीच्या वीरकथांचा एक समान आराखडा मांडला. नायक घर सोडतो, कठीण कसोटीतून जातो आणि जे मिळविले ते घेऊन आपल्या माणसांत परततो. त्यांच्या उदाहरणांत भगवान बुद्धांची कथाही आहे.

परंतु रोगी, वृद्ध व प्रेत प्रथमच पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही रूढ कथा बाबासाहेबांना बुद्धीला पटणारी वाटली नाही. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी वेगळे कारण दिले. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात तंटा पेटला; सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि परिव्रज्या पत्करली. म्हणजे दैवी हाकेने नव्हे, विवेकाने घेतलेल्या निर्णयाने ते घराबाहेर पडले. बोधी प्राप्त झाल्यावरही ते एकांतात राहिले नाहीत. सारनाथला जाऊन त्यांनी पाच परिव्राजकांना धम्म सांगितला.

बाबासाहेब 1913 साली कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले. विद्या घेऊन परतले आणि 1927 साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या माणसांसह प्याले.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकांची वस्ती सुटते, परीक्षा पार पडते, नोकरी लागते. परतणे मात्र राहून जाते. आठवड्यातून एक संध्याकाळ वस्तीतील मुलांना शिकवा. आपली स्वतःची वाढही तेथेच पूर्ण होईल.

जयभीम! नमो बुद्धाय!