बोट बदलताना

आज मी ज्या माणसांविषयी बोलणार आहे, ती आपल्या रोजच्या ओळखीतली नाहीत. वर्षातले काही महिने आलिशान प्रवासी जहाजांवर काढणारी, एकाच कंपनीच्या बोटीनं वीस-तीस, कधी पन्नास वेळा प्रवास करणारी ही मंडळी. त्यांतली बरीचशी अमेरिका, इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलियाकडची. बहुतेक निवृत्त आणि खाऊनपिऊन सुखी म्हणतात त्याच्या बरीच वरची. तुम्ही म्हणाल, त्यांच्या सुखदुःखाशी आपला काय संबंध? संबंध असा, की त्यांना पडणारा प्रश्न आपल्यालाही पडतो. इतकी वर्षं जिथं गेलो तिथंच जात राहायचं, की आता दुसरीकडं जायचं? वाण्याचं दुकान असो, शिंपी असो की डॉक्टर, प्रत्येक घरात हा विषय कधी ना कधी निघतोच.

या बोटींच्या जगात निष्ठेचा हिशेब चक्क वहीत मांडलेला असतो. प्रत्येक कंपनीचं जुन्या प्रवाशांचं एक मंडळ असतं. सिल्व्हरसी नावाच्या कंपनीचं 'व्हेनेशियन सोसायटी', हॉलंड अमेरिकाचं 'मरिनर सोसायटी', क्रिस्टलचं 'क्रिस्टल सोसायटी'. कुणी समुद्रावर काढलेले दिवस मोजतं, कुणी सफरी मोजतं. आकडा वाढला की मान वाढतो. भाड्यात सवलत मिळते, कप्तानाबरोबर जेवणाचं निमंत्रण येतं, छातीवर लावायला छोटंसं पदक मिळतं. ज्याच्याकडे पैशाला तोटा नाही, त्यालाही त्या पदकाचं अप्रूप असतं. याचं मला नवल वाटत नाही. आपल्याला कुणीतरी ओळखतं आणि आपली आठवण ठेवतं, ही भूक पैशानं भागत नाही.

पण असा माणूस बोट बदलायचा विचार करू लागतो तेव्हा त्याला कळतं, की आपली निष्ठा नेमकी कशावर होती, हे आपण कधी तपासलंच नव्हतं. कंपनीच्या नावावर, जहाजावर, की जहाजावरच्या माणसांवर?

एका जहाजाची गोष्ट सांगतो. नॉर्वेच्या जहाजमालकांनी एकत्र येऊन 'रॉयल व्हायकिंग लाइन' नावाची कंपनी काढली. १९७२ साली तिचं पहिलं जहाज सेवेत आलं. चांगलं जेवण, लांबच्या सफरी आणि अदबशीर सेवा यांसाठी तिचा नावलौकिक झाला, आणि तिचे प्रवासी तिच्याशी फार जोडले गेले. पुढं १९८४ साली कंपनी दुसऱ्या नॉर्वेजियन उद्योगाकडं गेली. १९८८ साली तिचं नवं जहाज फिनलंडमध्ये बांधून झालं, 'रॉयल व्हायकिंग सन'. १९९४ साली कंपनीच गुंडाळली गेली आणि हे जहाज क्युनार्डकडं गेलं. १९९९ साली त्याचं नाव 'सीबोर्न सन' झालं. २००२ साली ते हॉलंड अमेरिकाकडं जाऊन 'प्रिन्सेनडॅम' झालं. २०१९ साली जर्मनीच्या फिनिक्स रायझेन कंपनीनं ते घेतलं आणि त्याचं नाव 'अमेरा' ठेवलं. जहाज एक आणि नावं चार. आता सांगा, १९८८ साली त्यावर पहिल्यांदा पाय ठेवणाऱ्या प्रवाशानं एकनिष्ठ राहायचं ठरवलं असतं, तर कुणाच्या मागं जायचं होतं? नावाच्या मागं गेला असता, तर नावच उरलं नाही. जहाजाच्या मागं गेला असता, तर दर काही वर्षांनी नव्या मालकाच्या दारात उभं राहावं लागलं असतं.

याच जहाजाची, ते 'प्रिन्सेनडॅम' होतं त्या काळातली, आणखी एक हकीकत आहे. फ्लोरिडातल्या एका वृद्ध बाईंनी पतीच्या निधनानंतर घरदार विकलं आणि त्या कायमच्या बोटीवर राहायला गेल्या. २०१५ साली अमेरिकी वृत्तपत्रांनी त्यांच्यावर लिहिलं तेव्हा त्या ८६ वर्षांच्या होत्या, आणि वर्षाला सुमारे १ लाख ६४ हजार डॉलर भरून 'क्रिस्टल सेरेनिटी' या जहाजावर राहत होत्या. पण त्याआधी तीन वर्षं त्यांचा मुक्काम 'प्रिन्सेनडॅम'वर होता. मग त्यांनी बोट का बदलली? जेवण बिघडलं म्हणून नाही, भाडं वाढलं म्हणूनही नाही. एकट्या बायकांना नाचायला सोबत मिळावी म्हणून या बोटींवर काही सभ्य गृहस्थ नेमलेले असतात. त्या कंपनीनं ही सोय बंद केली. बाईंना रोज संध्याकाळी नाचायची आवड. क्रिस्टलच्या बोटीवर ती सोय चालू होती. बाई तिकडं गेल्या.

कंपनीच्या हिशेबनिसानं बहुधा तो खर्च किरकोळ समजून कापला असेल. पण माणसाला बांधून ठेवणारी गोष्ट पुष्कळदा अशीच किरकोळ असते. एखाद्या दुकानदाराची आपल्याशी दोन शब्द बोलायची सवय असते. मुलाच्या हाती कारभार जातो, दुकान चकचकीत होतं, भाव तेच राहतात, आणि तरीही गिऱ्हाईक हळूहळू समोरच्या दुकानात जाऊ लागतं. विचारलं तर त्याला कारण नीट सांगता येत नाही.

आता क्रिस्टलचीच कथा ऐका. १९८८ साली जपानच्या निप्पॉन युसेन कैशा या जुन्या जहाज कंपनीनं ती काढली. १९९० साली तिचं पहिलं जहाज निघालं. रॉयल व्हायकिंगचे अनेक जुने प्रवासी पुढं इथंच रमले. १९९५ साली 'क्रिस्टल सिम्फनी' आली, २००३ साली 'क्रिस्टल सेरेनिटी'. २०१५ साली ही कंपनी हाँगकाँगच्या गेन्टिंग समूहानं विकत घेतली. मग कोरोना आला, बोटी थांबल्या. समूहाचे जर्मनीतले जहाजबांधणीचे कारखाने दिवाळखोरीत गेले आणि जानेवारी २०२२ मध्ये सगळा डोलारा कोसळला.

'सिम्फनी' त्या वेळी समुद्रात होती. २२ जानेवारीला ती मायामीला पोचायची होती. तेवढ्यात इंधन पुरवणाऱ्या कंपनीनं थकलेल्या बिलांसाठी अमेरिकेच्या न्यायालयात दावा लावला आणि जहाज जप्त करण्याचा हुकूम निघाला. कप्तानानं मायामीचं बंदर टाळून जहाज बहामातल्या बिमिनी बेटाकडं वळवलं. प्रवाशांना तिथून फेरीबोटीनं फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आणलं गेलं. पुढच्या महिन्यात दोन्ही जहाजं बहामातच जप्त झाली. ज्यांनी पुढच्या सफरींचे पैसे आधीच भरले होते, त्यांना आपले दावे घेऊन इतर देणेकऱ्यांच्या रांगेत उभं राहावं लागलं. त्या रांगेत पदक पाहून कुणी पुढं घेत नाही.

मग या माणसांनी काय केलं? काही सिल्व्हरसीकडं गेले, काही सीबोर्नकडं, काही रीजंटकडं. त्या कंपन्याही काही कालच्यासारख्या उरल्या नव्हत्या. सिल्व्हरसी ही रोमच्या लफेव्र कुटुंबानं काढलेली. २०१८ साली तिचा मोठा हिस्सा रॉयल कॅरिबियन या अवाढव्य कंपनीनं घेतला आणि २०२० साली उरलेलाही. आणि गंमत पाहा. जून २०२२ मध्ये क्रिस्टलचं नाव आणि तिची दोन्ही जहाजं ज्या समूहानं विकत घेतली, त्यात याच लफेव्र घराण्यातले मानफ्रेदी लफेव्र होते. म्हणजे क्रिस्टलचा प्रवासी सिल्व्हरसीत जाऊन बसला, तोवर सिल्व्हरसीचा जुना मालक क्रिस्टलमध्ये आला. दुरुस्त होऊन, आधीपेक्षा कमी प्रवाशांसाठी सजवलेली 'सेरेनिटी' ३१ जुलै २०२३ रोजी मार्सेय बंदरातून निघाली. जुनी 'क्रिस्टल सोसायटी'ही नव्या मालकांनी चालू ठेवली. दीड वर्ष दुसरीकडं रुळलेल्या माणसासमोर पुन्हा तोच प्रश्न, परत जायचं का?

जे परत गेले, त्यांतल्या अनेकांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. जुनी माणसं आहेत का? बारवर तोच आहे का? आमची खोली लावणारा तोच आहे का? जुने बरेच कर्मचारी परतले, ही बातमी त्यांच्या दृष्टीनं नव्या गालिच्यांपेक्षा मोठी होती.

हे मला परकं वाटत नाही. आमच्या कोकणातल्या खाडीकाठच्या मोहल्ल्यांत 'तो बोटीवर असतो' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. गोव्यातही तेच. मोहल्ल्यातले एक चाचा अनेक वर्षं प्रवासी जहाजावर खोल्या लावायच्या कामावर होते. ते सांगायचे, "अरे बाबा, एक म्हातारा-म्हातारी दर वर्षी यायची. माझ्या पोरीच्या परीक्षेचा निकाल काय लागला, ते आधी विचारायची. एका वर्षी म्हातारी एकटीच आली. काही बोलली नाही. मी दुसरी उशी रोजच्यासारखीच ठेवली. ती म्हणाली, राहू दे." चाचांचं कंत्राट आठ-नऊ महिन्यांचं असायचं. घरी आले की पहिले काही दिवस ते आमच्यापेक्षा त्या लोकांविषयीच जास्त बोलायचे. ही निष्ठा एका बाजूची नव्हती, एवढं मात्र खरं.

म्हणून बोट बुडते, म्हणजे कंपनी बुडते, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या माणसांचं काय होतं, हेही विचारायला हवं. इथं समुद्राचा कायदा माणसासारखा वागतो. जहाज जप्त होऊन विकलं गेलं, तर त्यावर काम करणाऱ्यांच्या थकलेल्या पगाराचा हक्क फार वरचा मानला जातो. आपल्याकडच्या २०१७ च्या सागरी दाव्यांच्या कायद्यातही जहाजावरच्या अशा हक्कांच्या क्रमात कप्तान आणि खलाशी यांचा पगार पहिला आहे. प्रवाशाच्या आगाऊ रकमेला असा मान नाही. आपल्या मुंबईनंही हे जवळून पाहिलं आहे. एप्रिल २०१९ मध्ये 'जलेश' नावाच्या कंपनीची 'कर्णिका' मुंबईहून गोव्याकडं आणि इतरत्र थाटात जाऊ लागली. कोरोनात ती थांबली, कंपनी २०२० साली बंद पडली, आणि 'कर्णिका' गुजरातेतल्या अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेली. निष्ठा जुळायलाही वेळ मिळाला नाही.

आता कंपन्यांनीही ओळखलं आहे, की माणूस दारात घुटमळतोय तो आपली जमा झालेली ज्येष्ठता वाया जाईल या भीतीनं. म्हणून एमएससी ही कंपनी म्हणते, दुसरीकडची पायरी दाखवा, आमच्याकडं त्या तोडीची पायरी देतो. रॉयल कॅरिबियननं २०२४ साली आपल्या तिन्ही कंपन्यांत प्रवाशाची पायरी एकमेकांकडं मान्य करायला सुरुवात केली. सरकारी नोकरीत बदली होताना सेवाज्येष्ठता कायम राहावी, तसंच हे. सोय चांगली आहे. पण पायरी सोबत नेता येते, दुसऱ्या उशीची आठवण नेता येत नाही.

शायरीच्या दुनियेत 'वफा' हा फार मोठा शब्द. त्या दुनियेत वफा करणारा परतफेड मागत नाही, आणि ज्याच्यावर वफा करायची तो बेपर्वा असला तरी शोभून दिसतो. प्रेमात हे चालतं. व्यवहारात हाच नियम लावला तर माणूस फसतो. कंपनी काही माशूक नव्हे. तिचे मालक बदलतात, भागधारक बदलतात, एका सहीनं तिचं नाव पुसलं जातं. तिच्याशी एकनिष्ठ राहणं हे आपल्यावरचं ऋण नाही. ती नीट वागते आहे तोवर जावं, पैसे फार आधी आणि फार मोठे गुंतवू नयेत, आणि पटेनासं झालं की खुशाल दुसरी बोट धरावी. त्यात बेवफाई नाही.

पण घाईही नको. रुसवा वेगळा आणि फारकत वेगळी. या प्रवाशांच्या तक्रारी वाचल्या की मजा वाटते. पाव पूर्वीसारखा राहिला नाही, संध्याकाळचा पोशाखाचा नियम सैल झाला, वाद्यवृंदात एक माणूस कमी झाला. ज्याला सोडून जायचं असतं तो इतकं बारकाईनं पाहत नाही, तो गुपचूप निघून जातो. तक्रार करणारा अजून दारात उभा असतो. कुणी थांब म्हणतंय का, हे तो ऐकत असतो. शहाणा दुकानदार या माणसाला ओळखतो आणि हिशेबनीस त्याला कटकट्या म्हणतो. बोटीच्या कंपन्या असोत की आपल्या कोपऱ्यावरचा वाणी, गिऱ्हाईक टिकतं की जातं, ते बहुतेक वेळा इथंच ठरतं.

आणि जायचंच ठरलं, तर जाताना एक करावं. कंपनीला रागाचं पत्र जरूर लिहावं, तो आपला हक्क आहे. पण ज्यानं इतकी वर्षं आपली खोली लावली, आपला चहा कसा हे न सांगता ओळखलं, त्याला भेटून, त्याचं नाव घेऊन, 'येतो' म्हणावं. त्यानं आपलं काही बिघडवलेलं नसतं. आणि बोटींचं हे जग तसं लहान आहे. कुणी सांगावं, पुढच्या खेपेला नव्या जहाजाच्या जिन्यावर तोच उभा असेल, कारण बोट त्यानंही बदललेली असेल.