मिशनरी, श्रद्धा आणि आपला किनारा

(आगरदांडा येथे कार्यकर्ते व ग्रामस्थांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



धर्मांतर हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर ईशान्य भारत येतो, झारखंड येतो, डांग येते. मी आज इतक्या दूरचे बोलणार नाही. या जेट्टीच्या उत्तरेला कोर्लई आणि दक्षिणेला बाणकोट. या दोन टोकांमधल्या किनाऱ्यावर मिशनऱ्यांनी काय केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, एवढे पाहिले तरी पुष्कळ उमगते.

कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्याच्या समोर कोर्लई आहे. १५२१ साली पोर्तुगीजांनी चौलला बस्तान बसवले आणि १७४० साली त्यांना ते मराठ्यांच्या हवाली करावे लागले. सत्ताधारी निघून गेले. मागे राहिली ती बाप्तिस्मा घेतलेली गोरगरीब माणसे. त्यांचे वंशज आजही तिथेच नांदतात. गावात माउंट कार्मेल मातेचे चर्च आहे आणि घरात एक आगळी बोली आहे. तिचे बरेचसे शब्द पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण आपल्या मराठीसारखी, क्रियापद शेवटी. क्लेमंट्स नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९९६ साली ग्रंथच प्रसिद्ध केला. बोलणारे हजाराच्या आसपास. ते तिला ‘नॉ लिंग’, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. राज्य गेले, भाषेचा सांगाडाही मराठी झाला, पण प्रार्थना टिकली. याचा विचार आपण शांतपणे केला पाहिजे.

ती टिकली, याचे काही श्रेय आपल्या पूर्वजांकडेही जाते. गोव्यात पोर्तुगीजांनी देवळे पाडली, १५६० पासून इन्क्विझिशन चालवले. हे सारे ठाऊक असताना १७३९ साली वसई जिंकणाऱ्या चिमाजी आप्पांनी तहाच्या अटींत ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा दिली. तेव्हा कोर्लईतल्या एखाद्या म्हातारीच्या हातातली जपमाळ हा आपल्या तक्रारीचा विषय नव्हे. तिच्या दारासमोर घोषणा देण्यात कोणाला पराक्रम वाटत असेल, तर त्याने आधी मराठ्यांचा इतिहास वाचावा.

आपल्या भागातली मुले बोटीवर जातात. त्यांना फिलिपिनो खलाशी भेटतात. ज्या १५२१ साली पोर्तुगीज चौलला आले, त्याच साली मॅगेलन फिलिपिन्सच्या सेबू बेटावर उतरला आणि तिथल्या राणीला त्याने बाळ येशूची मूर्ती दिली. पुढे १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनचे राज्य राहिले. आज त्या देशात शंभरातले जवळजवळ ऐंशी लोक कॅथलिक आहेत. गरीब कोळ्याच्या झोपडीतही त्या बाळमूर्तीला वस्त्रे नेसवतात, फुले वाहतात, मिरवणूक काढतात; आपल्याला पालखीचीच आठवण व्हावी! तिथे देशच्या देश आणि इथे एक कोर्लई, असे का? केवळ तलवारीने याचे उत्तर मिळत नाही. तिथले पाद्री खेड्यात जाऊन राहिले, लोकांची भाषा शिकले. इथे त्यांच्या आधीच संतांनी लोकांच्या भाषेत, घराघरात नाम पोचवले होते. माझ्या मते मोठे कारण हेच.

बाणकोटचा अनुभवही हेच सांगतो. १८२३ साली स्कॉटिश मिशनऱ्यांनी तिथे काम सुरू केले, पुढे ते हर्णैला गेले. मुंबईत नावारूपाला आलेले जॉन विल्सन १८२९ साली आले, तेव्हा मराठीचे पहिले धडे त्यांनी हर्णैलाच गिरवले. शाळा निघाल्या, मुले आली, शिकली. बाप्तिस्मे मात्र मोजकेच झाले आणि मिशनने कोकणातून पाय काढता घेतला.

त्याहून बोधप्रद गोष्ट आपल्या बेने इस्रायल बांधवांची. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. माणसे गरीब, हिब्रू विसरलेली. पण शनिवार पाळायचा आणि मुलाची सुंता करायची, हे पक्के. विल्सन यांनी १८३२ साली त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. जुन्या करारावरून ही मंडळी नव्या कराराकडे वळतील, अशी आशा होती. मंडळी हिब्रू शिकली, मिशनच्या शाळांत शिक्षकही झाली आणि आपलाच धर्मग्रंथ अधिक चांगला वाचू लागली! ज्याच्या घरी आठवड्याचा एक दिवस देवासाठी राखलेला असतो, त्याला दुसऱ्याकडून अक्षरे घेताना भय वाटत नाही.

आता आपल्याकडे वळू. माणगावजवळच्या शिरवलीचे विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी १८५७ साली जानेवारीपासून मेपर्यंत मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद केला. त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण त्याआधी १८४३ साली श्रीपत शेषाद्री हा मिशनच्या आश्रयाला गेलेला मुलगा परत आला, तेव्हा काय झाले? बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला शुद्ध करून घेतले आणि आपल्याच धर्ममार्तंडांनी बाळशास्त्रींवर गहजब केला. वाद जिंकायला एक विष्णुबुवा पुरतो. दार उघडे ठेवायला मात्र सारा समाज लागतो आणि तो त्या वेळी नव्हता.

मिशनच्या दवाखान्याला नावे ठेवणे सोपे आहे. सदाशिवराव कात्रे यांनी तो मार्ग धरला नाही. कुष्ठरोग झाला म्हणून ते बैतलपूरच्या मिशन रुग्णालयात होते. उपचाराला जोडून येणारा धर्मप्रचार त्यांना खटकला. त्या रुग्ण माणसाने १९६२ साली चांपा येथे, आजच्या छत्तीसगडमध्ये, भारतीय कुष्ठ निवारक संघ उभा केला. निषेधाचे पत्रक काढून ते थांबले असते, तर आज त्यांचे नाव कोणी घेतले असते?

आणि म्हणून कातकरी वाडीचा प्रश्न. दिवाळी सरली की आपल्या जिल्ह्यातली कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडायला जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. मुले बरोबर जातात, शाळा सुटते. परत आलेल्या मुलाला कोणी विचारत नाही. एखाद्या रात्री आजारी बाईला शहरातल्या इस्पितळात न्यायचे, तर गाडीला पैसे नसतात. अशा रात्री जो उशाशी बसतो, त्याचा देव तिला जवळचा वाटू लागतो. यात मला कट दिसत नाही, आपली गैरहजेरी दिसते. फसवून, आमिष दाखवून कोणी धर्म बदलत असेल, तर कायद्याचा मार्ग अवश्य धरावा. पण त्या बाईच्या उशाशी कायदा येऊन बसत नाही.

आणि बसायचे ते काही न मागता. औषधाच्या बदल्यात भजनाला बोलवायचे, तर मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक तो काय? कोर्लईच्या ख्रिस्ती घरातले कोणी अडचणीत असेल, तर तिथेही याच नियमाने जावे.

यंदा दिवाळीपूर्वी आपापल्या परिसरातल्या प्रत्येक वाडीत दोन जणांनी जायचे आहे. कोणते कुटुंब कोणत्या भट्टीवर जाणार, बरोबर किती मुले, मागे म्हातारे कोण राहणार, याची वही करायची. जी मुले मागे राहू शकतील, त्यांची जेवणाची आणि अभ्यासाची सोय कोणाच्या ओटीवर होईल, ते त्या कुटुंबालाच विचारून ठरवायचे. दिघीची शेवटची फेरी सुटल्यावर रुग्ण निघाला, तर गाडी कोणाची, तेही लिहून ठेवायचे. वही मी आणली आहे. चहा होईपर्यंत पहिल्या पानावर नावे घालू या.