बोंडअळीचा धडा

जीवशास्त्रात 'उत्परिवर्तन' असा एक भारदस्त शब्द आहे. जनुकाची नक्कल होताना अक्षर चुकते, एवढाच त्याचा साधा अर्थ. आम्हा लिहिणाऱ्यांना तो चटकन कळतो. 'सूत' लिहिताना उकार ऱ्हस्व पडला, की धाग्याचा मुलगा होतो! अशा चुकांनी जीव तगतो की नुसता खचत जातो, हा जुना वाद आहे. मी साधा बी.ए. झालेला माणूस, पण आमच्या बीड जिल्ह्यातल्या कापसाच्या रानात मला त्याचे उत्तर दिसते.

२००२ साली आपल्याकडे बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्यातले विषारी प्रथिन अळीच्या आतड्यातल्या 'कॅडहेरिन' नावाच्या प्रथिनाला चिकटते आणि आतडे फोडते. पण काही गुलाबी बोंडअळ्यांच्या कॅडहेरिनच्या जनुकातच बिघाड होता. विष चिकटेना. धडधाकट अळ्या मेल्या, बिघडलेल्या जगल्या. हा बिघाड विषाने घडवला नव्हता. असे बदल आपसूक होतच असतात, बहुतेक निरुपयोगी किंवा घातक. विषाने फक्त निवड केली. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. अळी त्यालाही पुरून उरली. २०१७ च्या हंगामात मराठवाड्यात बोंडेच्या बोंडे किडली. वेचणीची मजुरीही निघेना, म्हणून कित्येकांनी उभ्या पऱ्हाटीवर नांगर फिरवला.

म्हणजे साध्या कपाशीवर ज्या बदलाचा अळीला काही उपयोग नव्हता, तोच बीटीवर तिचा प्राण वाचवतो. बरेवाईट एकट्या जनुकात नसते, भोवतालच्या परिस्थितीवर ठरते. आणि इथे ती परिस्थिती माणसानेच तयार केली होती.

हा बिघाड आई आणि बाप दोघांकडून आला, तरच अळी विष पचवते. म्हणून बियाण्याबरोबर साध्या कपाशीची १२० ग्रॅमची वेगळी पुडी मिळे. तिच्यावर वाढलेले साधे पतंग बीटीतून वाचलेल्यांशी जोडी जमवतील आणि त्यांची पिल्ले बीटीवर मरतील, असा हिशेब होता. अनेकांनी ती पुडी पेरलीच नाही. एकेक ओळ कमी होणे गरिबाला जड जाते, आणि कारण नीट समजावून सांगणारेही थोडेच होते.

अजून एक उपाय आपल्या हातात आहे. ही अळी मुख्यतः कापसावरच जगते. डिसेंबरअखेर कापूस आवरा, फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या रानात उभ्या ठेवू नका. जनुक कितीही बदलले, तरी अळीला खायला बोंड लागतेच.