फाइलच्या नावात तिची वेळ
‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘खरंच अंतिम’ या फाइलींत ताजी कोणती? लिनक्सला ते ठाऊक असतं. शेवटच्या बदलाची वेळ तो १ जानेवारी १९७०पासूनच्या सेकंदांत मोजून ठेवतो. टर्मिनलमध्ये ‘डेट’ आज्ञेला ‘वजा आर’ हा पर्याय आणि फाइलचं नाव दिलं, की ती वेळ समोर येते. ‘एमव्ही’ आज्ञेनं ती नव्या नावात घालायची. दिवस आधी लिहायची आपली सवय इथे सोडा. वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवला, तरच यादी कालक्रमानं लागते. ‘एमव्ही’ला ‘वजा एन’ जोडा, नाहीतर एकाच सेकंदाच्या दोन फाइलींपैकी एक मुकाट्यानं पुसली जाईल. नाव बदलल्यानं ही वेळ हलत नाही. साध्या ‘सीपी’नं काढलेल्या प्रतीवर मात्र प्रत काढल्याची वेळ चढते, तिथे ‘वजा पी’ हवं.